अप्पांच्या अकरा फेऱ्या

रेडिओनं ही गोष्ट पहिल्यांदा सांगितली तेव्हा फेऱ्या सात होत्या. वर्षभरात त्या नऊ झाल्या आणि आता अकरावर येऊन टेकल्या होत्या.

विमानतळाच्या तळमजल्यावर वैमानिकांची बसायची खोली. दोन फाटके सोफे, एक कॉफीचं मशीन, भिंतीवर एक फोन. बाहेरगावाहून येणारं विमान रखडलं की वैमानिक इथं ताटकळत बसतात. मग जुन्या लढाईतल्या वैमानिकांच्या गोष्टी निघतात आणि त्या संपल्या की ड्युटीच्या वेळापत्रकाला शिव्या. कधी शिव्या आधी, गोष्टी नंतर. जगात कुठंही जा, रिकाम्या बसलेल्या वैमानिकाकडे तिसरा विषय नसतो.

रेडिओ म्हणजे एक कॅप्टन. कॉकपिटात, जिन्यात, मुतारीत, कुठंही त्याचं तोंड मिटत नसे म्हणून हे नाव. तो उभा राहून, हात पसरून सांगायचा. तीन दिवस आणि तीन रात्री म्हाताऱ्याच्या डोळ्याला डोळा नाही. डोंगरातल्या चिंचोळ्या धावपट्टीवर दारूगोळा न्यायचा, येताना जखमी आणायचे. अकराव्या फेरीला चाकं खाली येईनात, कारण कुठल्याशा गाढव मेकॅनिकनं तेलाची नळी धड बसवली नव्हती. मग म्हाताऱ्यानं विमान सरळ पोटावर उतरवलं. आत सतरा जखमी, सतराच्या सतरा वाचले. पुढं बसलेला नॅव्हिगेटर तेवढा गेला.

"आणि आपण?" रेडिओ शेवटी म्हणायचा. "आपण चौथ्या फेरीला जांभया देतो."

सगळे हसायचे आणि हसून झालं की कोपऱ्यातल्या कॅप्टनबाईकडे बघायचे, कारण तो म्हातारा, अप्पा, तिचा सासरा. खरं ना हो, असं कुणी विचारलं की ती म्हणायची, खरंच असेल बाबा, पण घरी लिफ्ट बंद पडली की दुसऱ्या मजल्यावर बसून दम खातात. पुन्हा हशा. तिला आत कुठंतरी अभिमान वाटायचा. ते खोटं कशाला बोला. तिनं वैमानिक व्हायचं ठरवलं ते लग्नाआधी, पण कॅप्टनची परीक्षा दिली ती अप्पांच्या भरवशावर. माहेरचे, सासरचे, नवरा, सगळे म्हणत होते की आता पुरे. अप्पा एकटे म्हणाले, पुरे कसं, अजून कॅप्टनच्या डाव्या खुर्चीत कुठं बसलीय.

आता त्या वेळापत्रकाबद्दल. कायद्यानं वैमानिकाची ड्युटी अकरा तासांची. कंपनी वेळापत्रक आखायची दहा तास पन्नास मिनिटांचं. चार फेऱ्या. पहाटे चारला गाडी दारात. विमान कधी वेळेवर उडतं का? एका फेरीला पाच-पाच मिनिटं चुकली तरी चौथी फेरी अकरा तासांच्या बाहेर जाते. मग कायद्यात एक चोरदरवाजा आहे. कॅप्टनला वाटलं, आपण आणि आपली माणसं ताजीतवानी आहोत, तर तो आपल्या मर्जीनं ड्युटी दोन तास वाढवू शकतो. त्याची सही लागते. सगळे त्याला मर्जीचा कागद म्हणत. ही मर्जी कॅप्टनची, ती कुणी मागायची नाही, असं कायदा म्हणतो. म्हणून ड्युट्या लावणारा रोस्टरवाला मागत नसे. तो फोन करून फक्त विचारायचा, "कसं वाटतंय कॅप्टन?" उत्तर "मस्त" असंच द्यायचं असतं, हे पहिल्या आठवड्यात प्रत्येकाला कळतं. नाव मर्जी आणि कारभार मुकी बिचारी कुणीही हाका.

त्या दिवशी तिसऱ्या फेरीला कॅप्टनबाई विमान उतरवत होती. सलग सहावा दिवस. उतरण्याआधी कोपायलट यादी वाचतो आणि कॅप्टननं एकेक गोष्ट डोळ्यांनी पाहून उत्तर द्यायचं असतं. कोपायलटनं वाचलं, चाकं? ती म्हणाली, खाली, तीन हिरवे. तो पुढच्या ओळीवर गेलासुद्धा. आणि मग त्याचं बोट थांबलं. चाकं खालीच केली नव्हती. तिनं सांगायचं, त्यानं दांडा ओढायचा. तिनं सांगितलं नाही, त्यानं ओढला नाही. एकही हिरवा दिवा लागलेला नसताना तिला तीन दिसले होते. रोज दिसतात म्हणून दिसले होते.

"कॅप्टन," तो म्हणाला, एवढंच.

उंची भरपूर होती. चाकं आली, विमान उतरलं, एकशे साठ माणसं आपापल्या बॅगा काढून निघून गेली. यंत्रानं पुढं बोंब मारलीच असती, हे दोघांनाही माहीत होतं. कोपायलट पोराची कॅप्टनची परीक्षा महिन्यावर आली होती. हे कागदावर आलं की ती गेली. नियमानं लिहायला हवं होतं. तिनं लिहिलं नाही. ती त्याला म्हणाली, हे इथंच राहील.

मग खोलीतला फोन वाजला. कसं वाटतंय कॅप्टन? ती म्हणाली, "थकलेय. नाही." रोस्टरवाल्यानं तिचं नाव पुन्हा एकदा विचारून घेतलं.

चौथी फेरी रद्द झाली. आठ दिवसांत तिला नोटीस आली. कोणतंही वैद्यकीय कारण नसताना थकव्याचं निमित्त करून काम टाळलं, कॅप्टनपद काढून का घेऊ नये.

खरं म्हणजे नोटीस यायच्या आधीच, त्याच दुपारी, तिनं अप्पांना सगळं सांगितलं होतं. नवरा त्याच्या दवाखान्यात लोकांचे दात काढत होता. अप्पा स्वयंपाकघरातल्या टेबलाशी भिंग घेऊन पेपर वाचत होते. तिला कुणालातरी सांगायचंच होतं, आणि तीन हिरवे दिसणं म्हणजे काय हे ज्याला कळेल असा घरात एकच माणूस. ती सांगत गेली. अप्पांनी भिंग खाली ठेवलं. ती बोलणी खायच्या तयारीत होती. पण म्हातारा रडायला लागला.

नळी नीटच होती, अप्पा म्हणाले. चाकंही नीट होती. त्यांनी ती खाली केलीच नव्हती. तेव्हाच्या विमानात इंजिनाचा जोर कमी केला आणि चाकं वर असली की एक भोंगा वाजायचा. तो वाजला. बासष्ट तास जागलेल्या माणसाला तो आईच्या घरातला गजर वाटला. त्यांनी हात लांब करून भोंगा बंद केला. एवढंच आठवतंय, मग एकदम खडखडाट. धावपट्टीच्या टोकाला रचलेल्या पिंपांवर विमान जाऊन आदळलं. नॅव्हिगेटर त्यांच्या शेजारच्या खाटेवर झोपायचा, त्याला गाणी म्हणायची खोड होती. चौकशीला आलेल्या साहेबाला लढाईच्या दिवसांत नायक हवा होता, डुलकी नको होती. त्यानं अहवालात नळी लिहिली. नळी म्हटल्यावर ती बसवणारा कुणीतरी हवा. चोवीस-पंचवीस वर्षांचा मेकॅनिक होता. त्याला दोन वर्षांची कैद झाली.

"तुम्ही काही बोलला नाहीत?" तिनं विचारलं.

"मला पदक दिलं होतं," अप्पा म्हणाले.

आणि फेऱ्या किती होत्या, हेही तिनं विचारलं, का कोण जाणे. सहा, ते म्हणाले. अकरा कुणी केल्या मला माहीत नाही.

मग डोळे पुसून त्यांनी तिचा हात धरला. "पोरी, तू उठलीस ते बरोबर केलंस. मी उठायला हवं होतं. तुला कुणी काही विचारलं तर मी येऊन सांगीन. आता माझं कोण काय वाकडं करणार आहे?"

हे तिनं मागितलं नव्हतं. त्यांनी आपण होऊन दिलं होतं.

चौकशीचा एक नियम होता. ज्याच्यावर ठपका आहे, त्या वैमानिकाला आपल्या बाजूनं बोलायला एक ज्येष्ठ वैमानिक आणता येतो. युनियनचा सेक्रेटरी स्वतः येतो म्हणाला. बरा माणूस होता, कायदा तोंडपाठ, अशी सहा प्रकरणं त्यानं सोडवली होती. तिनं त्याला नको सांगितलं. माझ्याकडे अप्पा आहेत, म्हणाली. सेक्रेटरीनं भुवया वर केल्या. "सासरा? कॅप्टनबाई, घरचा माणूस आणू नये. घरचा माणूस घरचंच सांगतो." ती हसली. सहा फेऱ्यांची खरी गोष्ट ऐकली की समितीच काय, कायदा करणारेही खुर्चीत नीट बसतील, अशी तिची खात्री होती. मर्जीचा कागदच फाटेल. ज्याचं जळतं त्याला कळतं म्हणतात. अप्पांचं तर आयुष्यभर जळत होतं.

चौकशीच्या दिवशी तिनं अप्पांच्या कोटाला स्वतः इस्त्री केली. गाडीत ते खिडकीबाहेर बघत होते. तिला वाटलं, मनात जुळवाजुळव चाललीय. तशी ती चाललीच होती.

खोलीत तिघं. मधे मुख्य वैमानिक, शेजारी कर्मचारी विभागाची बाई, टोकाला टाइप करणारा कारकून. अप्पा आत आले तसा मुख्य वैमानिक ताडकन उठला आणि त्यानं खुर्ची स्वतः ओढून दिली. त्याला विमान चालवायला शिकवलं होतं अप्पांनीच. बसता बसता तो म्हणाला, सर, नव्या प्रशिक्षण हॉलची पाटी तयार होऊन आली, तुमचं नाव फार झोकात दिसतंय, पुढच्या महिन्यात फीत तुम्हीच कापायची.

कसला हॉल, कसली पाटी? कॅप्टनबाईनं अप्पांकडे पाहिलं. ते कोटाची गुंडी चाचपत होते. त्यांना दहा दिवसांपूर्वीच कंपनीचं पत्र आलेलं होतं. घरात, तिच्याच टपालपेटीतून, तिच्या नजरेसमोरून ते वर गेलं होतं.

मुख्य वैमानिकानं प्रश्न फार हुशारीनं विचारला. म्हणाला, सर, तुम्ही लढाईत अकरा फेऱ्या केल्यात. आम्ही सगळे तुमची गोष्ट ऐकत मोठे झालो. तुम्हीच सांगा, चौथ्या फेरीला थकले म्हणून उठून जाणं, हे कॅप्टनला शोभतं का?

अप्पांनी घसा साफ केला.

"थकवा सगळ्यांना येतो," ते म्हणाले. "पण आमच्या वेळी थकवा बाहेर ठेवून आत बसायचं, असं शिकवायचे. हल्ली मन थाऱ्यावर नसतं. आता आमची सूनबाईच बघा. गुणी आहे, वाद नाही. पण त्याच दिवशी चाकं खाली न करता तिनं तीन हिरवे म्हणून सांगितलं. कोपायलटच्या पण आधी लक्षात नाही. घरी येऊन मला म्हणाली. मी तिला तेव्हाच समज दिली. हा थकवा नव्हे, हे दुर्लक्ष आहे."

कारकुनाची बोटं खडखडत होती. मुख्य वैमानिकानं पेन उचललं आणि त्या तारखेच्या फायलीत तसा काही अहवाल आहे का ते पाहिलं. अर्थातच नव्हता.

कुणी परक्यानं वार केला असता तर कॅप्टनबाईला प्रतिकार सुचला असता. इथं केसानं गळा कापला होता आणि कापणारा तिनं इस्त्री केलेल्या कोटात बसला होता. समज दिली म्हणे. समज देताना कुणी टेबलावर डोकं ठेवून रडतं?

नियमाप्रमाणे तिला साक्षीदाराला प्रश्न विचारायची मुभा होती. तिनं एकच विचारला.

"अप्पा, तुमची चाकं खाली का आली नव्हती?"

त्यांनी तिच्या डोळ्याला डोळा भिडवला. हे तिला पुढं कधी विसरता आलं नाही. मान खाली घातली असती तर तिनं कदाचित माफ केलं असतं.

"मेकॅनिकची चूक," ते म्हणाले. "चौकशीत सिद्ध झालंय."

मग ती बोलली. भोंगा, गजर, बासष्ट तास, सहा फेऱ्या, दोन वर्षं कैदेत गेलेला मेकॅनिक, सगळं. आवाज न चढवता, क्रमानं, वैमानिक अहवाल देतात तशी. दुसऱ्याच वाक्याला मुख्य वैमानिकानं कारकुनाला बोटानं खूण केली आणि टाइप करायचा आवाज थांबला. कर्मचारी विभागाची बाई म्हणाली, घरगुती गोष्टी समितीपुढं नकोत. मुख्य वैमानिक म्हणाला, स्वतःची चूक झाकायला वडीलधाऱ्या माणसाच्या पदकावर चिखल उडवायचा, याला काय म्हणायचं ते मी बोलत नाही. अप्पा खुर्चीत बसून होते. त्यांना पाणी आणून दिलं गेलं.

तिच्या खांद्यावरच्या चार पट्ट्यांच्या तीन झाल्या. डावी खुर्ची गेली, उजवी आली. तीन वर्षं कॅप्टनपदासाठी अर्ज करायचा नाही. कोपायलटची परीक्षा बेमुदत पुढं ढकलली. त्याचा फोन आला नाही. तिनं केला, तर त्यानं एवढंच विचारलं, "इथंच राहील म्हणाला होतात ना?" आणि ठेवून दिला. त्याचं काय चुकलं? त्याच्या लेखी कुऱ्हाडीचा दांडा तीच होती.

त्या संध्याकाळी ती अप्पांच्या खोलीत गेली. ते पलंगावर बसले होते, बूटसुद्धा न काढता. तिला वाटलं होतं, ते नजर चुकवतील, नाहीतर पुन्हा रडतील. तसलं काही झालं नाही.

"तुला अजून पंचवीस वर्षं आहेत," अप्पा म्हणाले. "पट्टी परत मिळेल. माझ्याकडे ही एकच गोष्ट आहे, सूनबाई. ती गेली की मी कोण? डुलकी लागून मित्राला मारणारा माणूस. त्र्याऐंशी वर्षांच्या माणसाला तू असं मरायला सांगतेस?"

"मी काहीच सांगितलं नव्हतं. येतो म्हणाला होतात तुम्ही."

"म्हणालो होतो. तेव्हा पत्र आलं नव्हतं."

एवढं सरळ खरं कुणी बोललं की भांडायलाही जागा राहत नाही. नवऱ्यानं मधे पडून म्हटलं, अगं, आपलेच दात आणि आपलेच ओठ, सोडून दे, या वयात त्यांना कशाला. ती म्हणाली, त्या मेकॅनिकचं तेव्हा वय काय होतं ते विचार त्यांना. नवऱ्यानं विचारलं नाही. आजवर कुणीच विचारलं नव्हतं.

हॉलची फीत कापली गेली. ती गेली नाही. खोलीतले वैमानिक मात्र झाडून गेले. चौकशीत ती काय बोलली ते एव्हाना सगळ्यांच्या कानावर गेलं होतं, आणि गंमत बघा, तिनं चूक लपवली याचा राग कुणाला नव्हता. कुणी लपवलेली नाही? राग होता तो वेगळाच. रखडलेल्या दुपारी उराशी धरायला त्यांच्याकडे एक गोष्ट होती आणि ती हिनं नासवली. ती आत आली की रेडिओसुद्धा बंद पडायचा.

पट्टी उतरल्यावर तीन आठवड्यांनी वेळापत्रकात तिचं नाव रेडिओच्या शेजारी आलं. चार फेऱ्या, दहा तास पन्नास मिनिटं. तिसरी फेरी संपवून दोघं खोलीत आले तेव्हा पावणेतीन वाजले होते आणि चौथीचं विमान अजून यायचं होतं. रेडिओचे डोळे लाल झाले होते. कॉफीचा कप त्यानं दोन्ही हातांनी धरला होता. पलीकडच्या सोफ्यावर तिचा जुना कोपायलट पेपर तोंडासमोर धरून बसला होता.

भिंतीवरचा फोन वाजला. रेडिओनं उचलला. पलीकडून काय विचारलं ते ऐकायची कुणाला गरज नव्हती.

"मस्त," रेडिओ म्हणाला.

"मी थकलेय," ती म्हणाली. "त्याला सांगा."

रेडिओनं फोनवर तळवा दाबला. महिन्यापूर्वीपर्यंत तो तिला कॅप्टनबाई आणि तुम्ही म्हणत होता. एका पट्टीसरशी तेही उतरलं. "अगं, तू कोपायलट आहेस आता. मर्जी कॅप्टनची असते. गप बस."

"मर्जी तुमची. थकवा माझा."

"तुला कायमची घरी बसवतील. कशाला पाण्यात राहून माशाशी वैर करतेस? आपल्या म्हाताऱ्यानं बघ, अकरा..."

"सहा," ती म्हणाली. "आणि सहाव्या फेरीला तुमच्यासारखाच 'मस्त' म्हणाला असेल."

ती उठली, त्याच्या हातातून फोन घेतला आणि रोस्टरवाल्याला म्हणाली, लिहून घ्या, कोपायलट थकली आहे, येणार नाही, आणि वेळही लिहा, दोन सत्तेचाळीस. तो म्हणाला, बाई, परिणाम माहीत आहेत ना? ती म्हणाली, परिणाम तीन आठवडे खांद्यावर घेऊन फिरतेय. आणि फोन जागेवर ठेवला.

आता सगळे तिच्याकडे बघत होते. रेडिओ काहीतरी म्हणणार होता, पण त्याच्या तोंडातून जांभई बाहेर पडली, मोठी, जबडा मोडेल अशी, आणि त्यानं ती हातानं झाकली. कुणी हसलं नाही. जुन्या कोपायलटनं पेपर खाली घेतला, तिच्याकडे पाहिलं आणि पुन्हा वर धरला. त्यानं माफ केलं की नाही, ते त्या पेपरावरून काही कळण्यासारखं नव्हतं.

तिनं सोफ्याच्या कडेला बूट काढले, पाय वर घेतले, डोकं हातावर टेकलं. उद्या पत्र येणार होतं, यावेळी पट्टीचं नव्हे, नोकरीचं. घरी अप्पा दाराशी विचारणार होते, आज लवकर? त्यांना काय उत्तर द्यायचं, याचा विचार करायला तिनं घेतला. तो अर्ध्यावर येण्याआधीच, भर दुपारी, सात-आठ वैमानिकांच्या देखत, तोंड उघडं टाकून ती झोपली.